खांदेरीचा दिवा

सोलापूरसारख्या कोरडवाहू गांवांत राहून समुद्रावरील दिव्यांविषयीं लिहावयास बसणें हें थोडेंसें धारिष्टच म्हटलें पाहिजे. आमच्याकडे पाणी म्हणजे सिद्धेश्वराचें तळें, आणि तेंहि उन्हाळ्याच्या अखेरीस पाहणाऱ्यास उदास करणारें. तरीहि या विषयाशीं आमच्या मुलखाचा कांहीं संबंध नाहीं असें कोणीं समजूं नये. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या जलमार्गाचें जें वर्णन लिहून ठेवलें, आणि जें 'पेरिप्लस' या नांवानें विद्वानांच्या परिचयाचें आहे, त्यांत तगर नांवाच्या एका मोठ्या पेठेचा उल्लेख आहे. हें तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, असें आतां विद्वान् मानतात. तेथून जाडेंभरडें कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखांतून, भडोचच्या बंदराकडे जात असे. म्हणजे आमच्या शेजारच्या विणकराचें कापड परदेशीं पोंचावें कीं समुद्राच्या तळाशीं जावें, हें एकोणीसशें वर्षांपूर्वीं देखील बंदराच्या तोंडाशींच ठरत होतें.

त्या तोंडाचें वर्णन पेरिप्लसकारानें मोठ्या भीतीनें केलें आहे. खंबायतच्या आखातांत भरती अशी चढते कीं नांगरावर उभें असलेलें तारूं क्षणांत उलटावें, आणि ओहोटी अशी उतरते कीं तळ उघडा पडावा. अशा ठिकाणीं परक्या माणसाचें ज्ञान काय कामाचें? म्हणून तेथील राजानें पदरीं कोळी ठेवले होते. ते 'त्रप्पग' आणि 'कोटिंब' नांवाच्या आपल्या लांबलचक नौका घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, आलेल्या गलबतास दोर बांधीत, आणि भरतीबरोबर पुढें सरकत व ओहोटी लागतांच ठरलेल्या डोहांत नांगर टाकीत त्यास भडोचपर्यंत आणून पोंचवीत. बंदरावर दिवा नव्हता. दिव्याचें काम माणूस करीत होता.

आणखी एक गंमत या ग्रंथांत आहे. किनारा दृष्टीस पडण्यापूर्वींच तो जवळ आल्याचें खलाशांस कसें कळे? पाण्यावर साप दिसूं लागले कीं जमीन जवळ आली असें ते समजत. आकाश ढगांनीं भरलेलें, सूर्य नाहीं, तारे नाहींत, आणि अशा वेळीं पाण्यांतून वळवळत वर येणारा साप हा नाविकांस आनंदाचा विषय वाटावा, हें आमच्यासारख्या जमिनीवरच्या माणसास नवलाचें वाटतें. परंतु वाट दाखविणारी खूण सुंदर असली पाहिजे असा कोठें नियम आहे?

मुंबईच्या बंदराची गोष्ट याहून निराळी नाहीं. नकाशांत हें बंदर पाहणारास तें निसर्गानें हात पसरून बोलावीत आहे असें वाटतें. पाण्याखालचें चित्र मात्र उलट आहे. कुलाब्याच्या दक्षिण टोंकापासून नैर्ऋत्येकडे खडकांची एक रांग मैलभराहून अधिक पाण्याखालून पसरत गेली आहे. तिला इंग्रज नाविकांनीं 'प्राँग्ज' म्हणजे कांटे असें नांव दिलें. समोरच्या अंगास थळच्या किनाऱ्यापासून पुढें आलेला उथळ भाग आहे. त्याच्या दक्षिणेस खांदेरी आणि उंदेरी हीं दोन बेटें, आणि बंदराच्या आंत ठिकठिकाणीं एकेकटे खडक. या सर्वांमधून जाणारी खोल पाण्याची वाट ही घरांतील बोळाप्रमाणें आहे. ज्यास ठाऊक आहे तो अंधारांतहि चालत जातो, आणि पाहुणा मात्र दिवसाढवळ्या उंबऱ्यावर ठेचकाळतो.

ज्यांस ती ठाऊक होती ते कोळी आणि भंडारी ती कशी लक्षांत ठेवीत, हें समजण्यास फार विद्या लागत नाहीं. किनाऱ्यावरील एक जवळची वस्तु आणि तिच्या पाठीमागील एक दूरची वस्तु निवडावयाची. म्हणजे समजा, पुढें एक देऊळ आणि मागें एका डोंगराचें शिखर. हीं दोन एकावर एक आलीं कीं आपण एका ठराविक रेषेवर आलों. डोंगर देवळाच्या डावीकडे सरला तर नाव एका बाजूस ढळली, उजवीकडे सरला तर दुसऱ्या बाजूस. अशाच दुसऱ्या जोडीची रेषा पहिलीस छेदील तेथें नावेचें स्थान. आजच्या बंदरांतून एकामागें एक दोन दिवे उभारून त्यांच्या सरळ रेषेंत जहाज आणण्याची जी पद्धत आहे तिचें मर्म हेंच आहे. इंजिनिअरानें फक्त देवळाच्या व डोंगराच्या जागीं दिवे आणून बसविले, एवढेंच.

या वाटेच्या अगदीं नाकावर खांदेरीचें बेट आहे, मुंबईपासून सुमारें वीस किलोमीटरांवर. त्याचें महत्त्व ओळखून शिवाजीमहाराजांनीं १६७२ सालींच तेथें किल्ला बांधण्याचा उपक्रम केला होता, परंतु सिद्दी आणि इंग्रज या दोघांच्या विरोधामुळें तो तडीस गेला नाहीं. पुढें १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडाऱ्याच्या हाताखालीं माणसें बेटावर उतरलीं आणि तटाचें काम सुरू झालें. मुंबईच्या इंग्रजांस हा आपल्या नरड्यास लागलेला हात वाटला, आणि तें खरेंहि होतें. त्यांनीं जहाजें पाठवून बेटाची नाकेबंदी केली. सप्टेंबरांत बेटावर उतरूं पाहणारा त्यांचा एक लेफ्टनंट मारला गेला. १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखानाच्या आरमारानें नागांवच्या बाजूनें येऊन इंग्रजांवर हल्ला केला. त्यांत इंग्रजांचें 'डव्ह' नांवाचें गुराब मराठ्यांच्या हातीं पडलें, आणि मिंचिन व केग्विन यांच्या 'रिव्हेंज' जहाजानें मात्र मराठ्यांस मागें हटविलें. त्या दिवसापुरता विजय इंग्रजांचा म्हणावा लागेल. परंतु किल्ला पुरा झाला तो कसा?

तो अंधारामुळें झाला. इंग्रजांचीं जहाजें मोठीं, खोल पाण्यांत चालणारीं आणि वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांचे मचवे लहान, उथळ बुडाचे, वल्ह्यांनीं चालणारे. रात्र पडली, वारा पडला, कीं हे मचवे दाणागोटा आणि माणसें घेऊन मोठ्या जहाजांच्या मधून निसटून बेटास लागत आणि उजाडण्यापूर्वीं परत येत. भरती केव्हां, ओहोटी केव्हां, कोणत्या खडकावर किती हात पाणी आहे, हें त्यांच्या तांडेलांस तोंडपाठ. अखेर १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं तह करून काढता पाय घेतला, आणि किल्ला मराठ्यांकडे राहिला. सिद्दीनें जवळच्या उंदेरीवर बस्तान बसविलें, ती कटकट पुढें पुष्कळ वर्षें चालली. १७१८ सालीं मुंबईचा गव्हर्नर बून यानें मोठी तयारी करून कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यांतील खांदेरीवर चाल केली, तीहि फसली.

आमच्या इतिहासकारांनीं या प्रसंगांतील तोफांचा आणि तरवारींचा हिशेब मोठ्या आस्थेनें ठेवला आहे. त्या रात्रींच्या तांडेलांचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं. मायनाक भंडाऱ्याचें नांव राहिलें, हें आपलें नशीबच. बाकीच्यांचें ज्ञान त्यांच्या मुलांच्या ओठीं राहिलें असेल तेवढेंच. तें कागदावर उतरावयाचें झालें तें इंग्रज मोजणीदारांच्या नकाशांत, आणि नकाशावर नांव पडलें तें मोजणीदाराचें.

१८१८ नंतर खांदेरी इंग्रजांकडे गेली, आणि जें बेट मुंबईचा गळा आवळण्यासाठीं तटबंद झालें होतें त्यावरच मुंबईचा दिवा लागावा असा योग आला. मुंबईस त्यापूर्वीं दिवा नव्हता असें नाहीं. कुलाब्याच्या टोंकावर अठराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणांतच कंपनीनें दीपगृह उभारलें होतें. परंतु तें जमिनीच्या टोंकावर होतें, खडकाच्या टोंकावर नव्हतें. दिवा पाहून आलेल्या जहाजास दिव्याच्या अलीकडेच कांटे लागत. आपल्याकडे हल्लीं शोकसभेंत प्रत्येक मृत पुढाऱ्यास 'समाजाचा दीपस्तंभ' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. बोलणारांस बहुधा ठाऊक नसतें कीं, समुद्रावरचे बहुतेक दीपस्तंभ 'इकडे या' असें सांगत नसून 'इकडे येऊं नका' असें सांगत असतात. असो.

१८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंतील यादवीमुळें विलायतेस तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. जहाजांची ये-जा वाढली. आगबोटी सुरू झाल्यामुळें भर पावसाळ्यांतहि समुद्र बंद राहीनासा झाला. आमच्या कोकणांत नारळी पौर्णिमेपूर्वीं गलबत बाहेर काढूं नये असा जो दंडक, तो कांहीं भाबडेपणाचा नव्हता. पावसाळी ढगांत सूर्याचा वेध घेतां येत नाहीं, प्रवाह जहाजास नकळत बाजूस ओढतो, आणि मुंबई समजून कप्तान भलत्याच किनाऱ्याकडे वळतो. तेव्हां बंदराच्या दक्षिणेस, खूप आधीं दिसेल असा दिवा पाहिजे झाला. १८६७ च्या जानेवारींत गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं खांदेरीवर दीपगृहाची कोनशिला बसविली, आणि त्याच वर्षाच्या १ जून रोजीं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, दिवा पेटला. आणखी दोन वर्षांनीं सुएझचा कालवा खुला झाला. १८७३ त पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. टॉमस ऑर्मिस्टन या इंजिनिअरानें प्राँग्जच्या खडकावरच, १८७४-७५ च्या सुमारास, दीडशें फुटांच्या घरांतील दगडी मनोरा उभा केला, आणि मग कुलाब्याचा जुना दिवा मालवण्यांत आला. हा खडक मोठ्या ओहोटीस उघडा पडतो आणि भरतीस लाटांखालीं जातो. अशा ठिकाणीं पाया घालणें म्हणजे समुद्राकडून रोज थोडी थोडी वेळ उसनी मागून घेणें. बंदराच्या आंत डॉल्फिन खडकावर त्यापूर्वींच दीपगृह झालें होतें, आणि 'संक रॉक' या बुडीत खडकावर १८८४ त झालें.

मनोरे इतके उंच कां, असें आमचे विद्यार्थी विचारतात. पृथ्वी गोल आहे हें भूगोलाच्या पुस्तकांतील वाक्य समुद्रावर प्रत्यक्ष अनुभवास येतें. ज्योत कितीहि प्रखर असली तरी ती दीडशें फुटांवर असेल तर सुमारें चौदा सागरी मैलांवर पाण्याची पाठच तिला झांकून टाकते. जहाजाच्या उंच तक्तपोशीवरून पाहणारास त्याहून कांहींशी अधिक लांबून दिसते. परंतु उंचीबरोबर तेजहि पाहिजे. तेलाच्या दिव्याचा प्रकाश चोहोंकडे, आकाशांत आणि पायथ्याशीं, वायां जातो. फ्रान्समधील फ्रेनेल या शास्त्रज्ञानें यावर उपाय काढला. एक अजस्र भिंग ओतण्याऐवजीं त्यानें कांचेचीं लहान लहान वर्तुळाकार कडीं अशा कोनांत बसविलीं कीं, इतस्ततः जाणारा प्रत्येक किरण वळून क्षितिजाच्या दिशेनेंच जावा. १८२३ त फ्रान्समधील कोर्दुआन येथें हें भिंग प्रथम लागलें आणि त्या शतकाच्या आंत जगभर पसरलें. हा सबंध कांचेचा पिंजरा फिरता ठेवण्यांत येई. वजनाच्या ओढीवर चालणारें घड्याळी यंत्र त्यास फिरवी, आणि तें वजन पुनः पुनः वर चढविण्यासाठीं दिवेकऱ्यास रात्रभर जागें राहावें लागे. फिरण्याच्या वेगावरून प्रत्येक दिव्याची उघडझांप निराळी ठेवीत, म्हणजे लुकलुक मोजतांच कप्तानास कळावें कीं ही खांदेरी आहे कीं प्राँग्ज. दिव्यास अशा रीतीनें नांव मिळालें. दिवेकऱ्यास मात्र, आमच्या तांडेलांप्रमाणेंच, इतिहासांत तें मिळालें नाहीं.

येथें एका वादाकडे थोडें वळणें भाग आहे. आम्ही शाळेंत असतांना जीं पुस्तकें वाचलीं त्यांत आगगाडी, तारायंत्र आणि दीपगृह हीं राज्यकर्त्यांच्या उपकारांच्या यादींत एकत्र येत. पुढें वाचनांत जे ग्रंथ आले त्यांत हींच तिन्ही लुटीच्या साधनांच्या यादींत सांपडलीं. आम्हांस दोन्ही याद्या अपुऱ्या वाटतात. दिव्याचा उजेड कोणत्या निशाणाचें जहाज आहे हें पाहत नाहीं, हें खरें; बार्शीच्या बाजारांतील कापूस नेणाऱ्या साहेबाच्या बोटीस आणि नारळ आणणाऱ्या कोकणी मचव्यास तो सारखाच दिसतो. परंतु दिवा कोठें लावावयाचा, कोणत्या वाटेवर बोये टाकावयाचे, खोली कोठें राखावयाची, हें ठरविणारे जहाज पाहूनच ठरवितात. महासागरांतून येणाऱ्या आगबोटींची वाट उजळ झाली. भाऊच्या धक्क्यावरून रेवस, धरमतर, अलिबागकडे रोज जाणाऱ्या माणसांच्या वाटेकडे तितकें लक्ष गेलें नाहीं.

आमच्या सोलापूरकरांस या ठिकाणीं वालचंद हिराचंदांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. १८८२ सालीं सोलापुरांत जन्मलेला, बार्शीच्या छोट्या रेल्वेचें कंत्राट घेऊन धंद्यास लागलेला हा माणूस नरोत्तम मोरारजींसह सिंदिया कंपनीच्या 'लॉयल्टी' बोटींतून ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून लंडनकडे निघाला. तो दिवस आज राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. बोट हिंदी मालकीची होती. परंतु त्या काळीं अशा मोठ्या बोटींवरील अधिकारी प्रायः युरोपियनच असत. हिंदी तरुणांस त्या कामाचें शिक्षण देणारी 'डफरीन' ही नौका मुंबई बंदरांत १९२७ सालीं सुरू झाली. बोट विकत घेतां येते. वाट कळणारा माणूस तयार व्हावयास आणखी आठ वर्षें लागलीं, आणि तीहि केवळ आरंभास.

त्याच १९२७ सालीं हिंदुस्थानांतील दीपगृहांचा कायदा झाला. जागोजागच्या दिव्यांचा कारभार एका मध्यवर्ती खात्याकडे आला, आणि दिव्यांच्या खर्चासाठीं जहाजांकडून त्यांच्या आकारमानाप्रमाणें पट्टी घेण्याची सोय झाली. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत 'जयंती' आणि 'तुकाराम' या कोकणच्या किनाऱ्यानें चालणाऱ्या दोन आगबोटी वादळांत एकाच दिवशीं बुडाल्या. बोटींस संतांचीं नांवें देण्याची चाल त्या वेळीं पडली होती. भाविक उतारूंस त्या आपल्या वाटाव्यात, हा हेतु.

तिसरी 'रामदास'. १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्यास एक महिना उरला असतां, सकाळीं आठच्या सुमारास ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढी अमावास्या जवळ आलेली, सणासाठीं गांवीं जाणारीं माणसें खच्चून भरलेलीं. अर्ध्या पाऊण तासांत, काशाच्या खडकाजवळ, एका मोठ्या लाटेनें ती कलली, माणसें एका बाजूस धांवलीं, आणि ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. वाचलीं त्यांतील पुष्कळशीं मुंबईकडे मासळी घेऊन निघालेल्या रेवसकडील कोळ्यांच्या मचव्यांनीं वाचविलीं. त्यांनीं आपली मासळी समुद्रांत टाकून दिली आणि माणसें घेतलीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. मुंबईस वार्ता पोंचावयास दुपार टळली. एका बाजूस प्राँग्जचा मनोरा, दुसऱ्या बाजूस खांदेरीचा, वेळ दिवसाची, आणि आशियांतील एक मोठें बंदर हांकेच्या अंतरावर. या बोटीस दिवा कमी पडला असें कोणास म्हणतां येणार नाहीं. तिला कमी पडलें तें दुसरेंच कांहीं, आणि त्याचा खर्च कोणत्याहि पट्टींत धरलेला नव्हता. भडोचच्या राजाचे कोळी पगारी होते. रेवसचे कोळी बिनपगारी होते, एवढा फरक एकोणीसशें वर्षांत पडला होता.

स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यावर दिवे वाढले. कोर्लईस १९५५ त, दाभोळजवळ टाळकेश्वरास १९६० त दीपगृह झालें. जगांतील बोयांच्या रंगांत जो गोंधळ होता तो १९८० सालच्या आंतरराष्ट्रीय ठरावानें पुष्कळ मिटला. आमच्याकडे बंदरांत शिरतांना तांबडा बोया डाव्या हातास आणि हिरवा उजव्या हातास ठेवावयाचा. आतां उपग्रह आले आहेत. कप्तानासमोरच्या पडद्यावर त्याचें स्वतःचें जहाज आणि आसपासचीं सर्व जहाजें नांवानिशीं दिसतात. १९२७ चा कायदा जाऊन २०२१ सालीं नवा कायदा झाला, त्याच्या नांवांतून 'दीपगृह' हा शब्दच गेला आणि 'नौकानयनाचीं सागरी साधनें' असा व्यापक शब्द आला. तथापि ७ ऑगस्ट २०१० रोजीं, हीं सर्व यंत्रें असतां, 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' हीं दोन प्रचंड जहाजें दिवसाउजेडीं मुंबईच्या तोंडाशींच, प्राँग्जपासून फार लांब नव्हे अशा ठिकाणीं, एकमेकांवर आदळलीं. पोलादी पेट्या पाण्यावर तरंगत सुटल्या, तेल किनाऱ्यास लागलें, आणि कांहीं दिवस बंदराची वाट बंद ठेवावी लागली. अरुंद बोळांत समोरून येणारानें काय करावयाचें ठरविलें आहे, हें कोणताहि पडदा अद्याप सांगत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं हिंवाळ्यांत आम्ही महाविद्यालयांतील मुलांस घेऊन थळहून खांदेरीस गेलों होतों. त्यांतील निम्म्यांनीं समुद्र प्रथमच पाहिला होता. बेटावर तट अद्याप उभे आहेत, धातूसारखा नाद देणारा तो प्रसिद्ध दगड मुलांनीं वाजवून पाहिला, आणि वेताळाच्या ठाण्यापुढें आमच्या तांडेलानें नारळ फोडला. १९९८ पासून बेटास कान्होजी आंग्र्यांचें नांव आहे, आणि २०२५ च्या जुलैमध्यें मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशांत समावेश झाला त्यांत खांदेरीहि आहे. दीपगृहावर चढून आम्ही भिंग पाहिलें. परततांना वारा थोडा वाढला होता. तांडेल वयस्क होता, आणि त्याच्या खिशांत फोन होता, त्यांत नकाशाहि असावा. परंतु तो सारखा मागें वळून पाहत होता. कशाकडे पाहतां, असें आम्हीं विचारलें.

"दिव्याकडं," तो म्हणाला.

दुपारचे तीन वाजले होते, दिवा लागलेला नव्हता. आमच्या मुद्रेवरील प्रश्न त्यानें ओळखला असावा. मनोरा तटाच्या त्या पडक्या कोपऱ्यावर बरोबर उभा दिसतो तोंवर खालीं खडक नाहीं, त्यानें हात करून दाखविलें. तो कोपरा मायनाकाच्या माणसांनीं बांधलेला कीं मागून दुरुस्त झालेला, हें आम्हांस तेथून ओळखतां आलें नाहीं. त्यानें सुकाणूं किंचित् वळविलें, आणि मनोरा पुन्हां कोपऱ्यावर आला.